मिस्त्रीसमोर शहाणी होणारी गाडी

रात्रभर पोट दुखतंय म्हणून रडणारं पोर सकाळी डॉक्टरांच्या दारात पोहोचलं की हसायला लागतं. घरी अडकणारा मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात नेला की गरगर फिरतो. अशा वेळी आपण दुखण्यावर नाही, दुखणं सांगणाऱ्यावर संशय घेतो. ‘काही नाही हो, उगाच करतंय,’ असं म्हणून मोकळे होतो.

या वेळी अशाच एका दुखण्याची गोष्ट सांगते. दुखणेकरी होता माझ्या मामांचा जुना ट्रक, आणि संशय आला तो त्यांच्या ड्रायव्हरवर.

मामांचं घराणं विट्याकडचं. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली. आमचे आजोबा त्यांच्यातलेच. ते चेन्नईच्या सौकारपेठेत आले आणि इथलेच झाले. मामांना मात्र भट्टीपेक्षा चाकांची ओढ. त्यांचा एकच ट्रक आहे. शहराच्या उत्तरेच्या मणलीतून माल भरायचा आणि अंबत्तूर किंवा श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांना पोहोचवायचा, हे त्यांचं रोजचं काम. गाडी जुनी, सहा सिलिंडरची, डिझेलवर चालणारी. तिच्यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत. सगळं काम पंप, नळ्या आणि माणसाच्या कानावर.

दोन सेकंदांचं दुखणं

ऑगस्टपासून ड्रायव्हर अण्णा एकच गोष्ट सांगत होते. “मुदलाळी, गाडी मधेच दबते.” मुदलाळी म्हणजे मालक. रेस दिली की दोन-तीन सेकंद गाडी काहीच करत नाही, मग एक झटका देते आणि पुन्हा सुरळीत पळते. कधी आठवड्यातून एकदा, कधी दिवसातून दोनदा.

दोन-तीन सेकंदांनी काय होतं, असं वाटेल. पण ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी तीन सेकंदांत तेहतीस मीटर पुढे जाते. भरलेला ट्रक चौक ओलांडताना किंवा दुसऱ्या गाडीला मागे टाकताना तेवढ्यात दबला, तर काय होईल ते सांगायला नको. एकदा पाडीच्या उड्डाणपुलाच्या चढावर गाडी अशीच दबली. मागून बस येत होती. बसच्या ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला म्हणून निभावलं.

मामा दुसऱ्या दिवशी स्वतः गाडीत बसले आणि वीस किलोमीटर फिरून आले. गाडी एकदाही दबली नाही. गॅरेजवाल्याने ट्रायल घेतली. तरीही काही नाही.

मग सुरू झाला सुट्या भागांचा खेळ. चेन्नईत हा मोह फार मोठा. १९४८ साली सुरू झालेल्या आणि पुढे अशोक लेलँड झालेल्या कंपनीचा कारखाना इथल्याच एन्नोरचा. मोटारींच्या कारखान्यांमुळे या शहराला ‘भारताचं डेट्रॉइट’ म्हणतात. जनरल पॅटर्स रोडला नवा माल मिळतो, तर पुदुपेटला जुन्या गाड्यांतून काढलेले भाग. जे मागाल ते मिळतं, म्हणून निदान होण्याआधीच भाग बदलले जातात.

आधी डिझेल फिल्टर बदलले. मग नोझल उतरवून तपासली. मग पंपच काढून पंपवाल्याकडे टेबलावर लावला. तो म्हणाला, “पंप एकदम ठीक आहे.” दर वेळी गाडी गॅरेजमधून आली की चार-पाच दिवस छान चालायची आणि मग पुन्हा तेच. पंचवीस हजारांच्या वर खर्च झाला. दोन आठवड्यांची भाडी बुडाली ती वेगळी.

शेवटी मामांचा संयम सुटला. “आमच्या हातात गाडी नीट चालते, ह्याच्याच हातात कशी दबते?” ड्रायव्हर अण्णा मुद्दाम करतोय, त्याला नवीन गाडी हवीय, नाहीतर डिझेलमध्ये काहीतरी काळंबेरं आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं. अकरा वर्षांचा माणूस. “दिवाळीनंतर दुसरा ड्रायव्हर बघतो,” असं ते मामीला म्हणाले, तेव्हा मी आणि माझी लेक तिथेच बसलो होतो.

तात्तांचा एकच प्रश्न

माधवरमला एक म्हातारे मिस्त्री आहेत. सगळे त्यांना तात्ता म्हणतात, म्हणजे आजोबा. आता ते स्वतः पाना हातात धरत नाहीत. खुर्चीत बसून पोरांना सांगतात. मामांनी त्यांना सगळी कहाणी ऐकवली, बदललेल्या भागांची यादी वाचली. तात्तांनी विचारलं, “आणि तुमचा ड्रायव्हर काय म्हणतो?”

“तो म्हणतो गाडी दबते.”

“ते कळलं. कधी दबते म्हणतो?”

मामा गप्प. खरं म्हणजे आमच्यापैकी कुणीच हे विचारलं नव्हतं.

तात्तांनी एक वही करायला सांगितली. गाडी दबली की प्रत्येक वेळी लिहायचं: वाजले किती, गाडी सुरू होऊन किती वेळ झाला, माल होता की रिकामी होती, चढ होता की सपाट रस्ता, पाऊस होता का, धूर कुठल्या रंगाचा आला आणि टाकीत डिझेल किती होतं. जुन्या गाडीच्या काट्यावर भरवसा नाही, म्हणून रोज स्वच्छ पट्टी टाकीत बुडवून ओल्या खुणेची उंची मोजायची. आणि मुख्य म्हणजे, वही पूर्ण होईपर्यंत गाडीचा एकही स्क्रू हलवायचा नाही.

ड्रायव्हर अण्णांना लिहिण्याचा कंटाळा. यावर माझ्या लेकीने उपाय काढला. गाडी बाजूला उभी केली की त्यांनी फोनवर तमिळमध्ये बोलून संदेश पाठवायचा. ती घरी बसून तक्ता भरणार. चालवताना फोनला हात लावायचा नाही, अशी तिने त्यांना ताकीदच दिली. पहिल्या दिवशी त्यांचा संदेश चार मिनिटांचा होता. इतके दिवस कुणी विचारलंच नव्हतं ना!

तीन आठवड्यांत चौदा नोंदी झाल्या. तक्ता पाहिला आणि आम्ही सगळेच वाकून बसलो. वेळ वेगवेगळी, रस्ते वेगवेगळे. पाऊसही कधी होता, कधी नव्हता. पण चौदाच्या चौदा वेळा टाकीतल्या डिझेलची उंची साधारण १५ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी होती. त्यातल्या दहा वेळा गाडी भरलेली होती आणि चढावर होती, किंवा सिग्नलवरून जोर लावून निघत होती. टाकी भरलेली असताना एकदाही ती दबली नव्हती. आणि धूर? दबताना काळा धूर एकदाही नाही.

मामांच्या हातात गाडी का दबत नव्हती, तेही तिथेच दिसलं. ट्रायल घ्यायची म्हणून मामा आणि गॅरेजवाले आधी टाकी फुल करायचे. रोजच्या कामाला मात्र ते ड्रायव्हर अण्णांच्या हातात चाळीस लिटरचेच पैसे ठेवत. म्हणजे मालक चालवायचे भरल्या टाकीवर आणि ड्रायव्हर चालवायचा अर्ध्या-पाव टाकीवर. दोघंही खरंच सांगत होते.

डिझेलच्या नळीत हवा शिरली की

इथे थोडं इंजिनाबद्दल सांगते. अवघड काही नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती प्रचंड तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. तो फवारा मारणारी नोझल उघडायला अशा जुन्या इंजिनांत साधारण २०० बार दाब लागतो. तुलनेसाठी सांगते, आपल्या कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते.

हा दाब पंप तयार करतो, पण पंपात निव्वळ डिझेल असेल तरच. डिझेल दाबून आकसत नाही, त्यामुळे दाब लगेच नोझलपर्यंत जातो. हवेचा बुडबुडा आला की तो स्पंजासारखा दबतो. पंपाची मेहनत बुडबुडा दाबण्यात जाते, नोझल नीट उघडत नाही आणि इंजिनाला एक-दोन घास मिळत नाहीत. ट्रकवाले म्हणतात, ‘गाडीने एअर घेतली.’

आता गंमत अशी की टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. आपण शहाळ्याचं पाणी नळीने ओढतो, तसं. त्या नळीला बारीक भोक असेल तर पाणी बाहेर सांडत नाही. उलट तोंडात हवा येते. म्हणून ‘कुठेच डिझेल गळत नाही, म्हणजे नळ्या ठीक आहेत’ हा समज फसवा. या बाजूची गळती आतल्या दिशेने असते, डोळ्यांना दिसत नाही.

एका वेळी एकच बदल

वहीवरून वाटलं, झालं निदान. तात्ता म्हणाले, “थांबा. डिझेल भरताना दोन गोष्टी घडतात. पातळी वाढते आणि झाकण उघडतं. यातल्या कशाने गाडी बरी होते?”

टाकीत डिझेल कमी होत जातं तशी बाहेरची हवा आत यावी लागते. त्यासाठीचं बारीक छिद्र धुळीने बुजलं तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला डिझेल ओढणं जड जातं. झाकण उघडलं की सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येतो आणि गाडी बरी होते.

म्हणून पहिली परीक्षा झाकणाची. गाडी दबली की सुरक्षित जागी थांबायचं, नुसतं झाकण उघडून लावायचं, डिझेल भरायचं नाही. तीनदा करून पाहिलं. आवाज आला नाही आणि फरकही पडला नाही. झाकण सुटलं.

दुसरी परीक्षा पारदर्शक नळीची. फीड पंपाच्या अलीकडे तात्पुरता पारदर्शक नळीचा तुकडा जोडला. टाकी भरलेली असताना आतून डिझेल काचेसारखं स्वच्छ. पातळी खाली आणून इंजिनाला रेस दिली, तर बुडबुड्यांची माळच लागली. हवा टाकीच्या बाजूने येतेय हे नक्की झालं.

तिसरी परीक्षा कॅनची. गाडी जागेवर उभी ठेवून, टाकी बाजूला काढून, स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून नव्या नळीने इंजिन चालवलं. एकही बुडबुडा नाही. म्हणजे फीड पंप, फिल्टर, मोठा पंप, सगळे निर्दोष. उरली ती टाकीतून येणारी रबरी नळी आणि टाकीच्या आतली नळी. आधी स्वस्त ती रबरी नळी बदलली. बुडबुडे तसेच. शेवटी टाकीतली नळी बाहेर काढली.

त्या नळीवर केसाएवढी बारीक चीर होती. लेकीने पट्टी शेजारी धरली. वहीतली १५ सेंटिमीटरची खूण आणि चीर जवळजवळ एकाच उंचीवर!

पातळी चिरेच्या वर असली की चिरेतून डिझेलच आत यायचं, काही बिघडायचं नाही. पातळी खाली गेली की हवा शिरायची. चढावर टाकीतलं डिझेल मागे सरकलं की चीर आणखी उघडी पडायची. ही हवा थोडी थोडी फिल्टरच्या वरच्या भागात साठायची आणि जोर लावला की एकदम पंपात जायची. म्हणून कधी दबायची आणि कधी नाही.

आणि पंप टेबलावर पास का झाला? कारण टेबलावर त्याला त्या टाकीतलं डिझेल मिळतच नव्हतं. आजारी माणसाला घरातून उचलून स्वच्छ हवेत नेऊन तपासलं, तर तो ठणठणीतच दिसणार.

नळी टाकीपासून दूर नेऊन, धुऊन, सुकवून सांधली. (डिझेलच्या टाकीजवळ वेल्डिंग कधीच करू देऊ नका, रिकाम्या टाकीतली वाफही पेट घेते.) नवे वॉशर घातले, एअर काढली. खर्च हजाराच्या आत.

तुमच्या गाडीसाठी

प्रत्येक दबणारी गाडी हवेमुळेच दबते असं नाही. काही खुणा लक्षात ठेवा.

* दबताना काळा धूर येत असेल तर डिझेल पोहोचतंय, हवा कमी पडतेय. एअर फिल्टर आणि हवेचे पाईप आधी पाहा.
* धूरच येत नसेल तर डिझेल पोहोचत नाही असं समजून टाकीपासून सुरुवात करा.
* बराच वेळ चालल्यावर दबते आणि थोडं थांबवलं की बरी होते, तर टाकीतला गंज किंवा कचरा नळीच्या तोंडाशी येऊन अडकत असेल. इंजिन बंद केलं की तो खाली बसतो.
* पावसाळ्यात किंवा नव्या ठिकाणी डिझेल भरल्यावर सुरू झालं, तर फिल्टरच्या तळातून थोडं डिझेल काचेच्या बरणीत काढा. पाणी असेल तर ते खाली बसतं.
* ॲक्सिलेटरचा दांडा किंवा केबल सैल झाली असेल तर पाय दाबला जातो, पण पंपाला कळतच नाही. हे तपासायला पैसे लागत नाहीत.

नव्या गाड्यांचं काय? १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले. या गाड्यांत सेन्सर आणि कॉम्प्युटर असतात. स्कॅनर लावला की कोड मिळतो. पण कोड म्हणजे निदान नव्हे. ‘डिझेलचा दाब कमी’ एवढंच तो सांगतो. का कमी, ते शोधावंच लागतं. वही तिथेही लागते.

क्रम एकच. आधी विचारा, मग लिहा, मग स्वस्त आणि सोपं ते तपासा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी बरी झाली, तर कशाने बरी झाली ते कधीच कळत नाही. आणि गाडी चौकात किंवा चढावर दबत असेल तर दोष सापडेपर्यंत तिच्यात पूर्ण माल भरू नका.

दिवाळी आली. मामांनी दुसरा ड्रायव्हर बघितला नाही. माफी मागणं त्यांच्या स्वभावात नाही. पण पाडव्याच्या सकाळी ड्रायव्हर अण्णा फराळाला आले, तेव्हा मामांनी स्वतः उठून त्यांना खुर्ची दिली आणि गाडीची वही त्यांच्या हातात ठेवली. “ह्यापुढे तुम्ही सांगाल ते आधी ह्यात लिहायचं. मग मी बोलेन.” अकरा वर्षांत मामा त्यांना पहिल्यांदाच ‘तुम्ही’ म्हणाले.

ड्रायव्हर अण्णांनी चकली मोडली आणि हसून म्हणाले, “मुदलाळी, आधी टाकी फुल करायचे पैसे द्या.”

तुमच्या घरातही कुणीतरी असं अधूनमधून होणारं दुखणं सांगत असेल. आजी म्हणत असेल, मधेच चक्कर येते. पोरगं म्हणत असेल, वर्गात डोकं दुखतं. डॉक्टरांकडे न्यालच, पण जाण्याआधी एक वही उघडा आणि त्यांना विचारा, “कधी होतं?”